दंड कोणाच्या वाट्याचा?

सांगलीस कीर्तन आटोपल्यावर एका माउलीने पुसले, "महाराज, दंड बँकेला झाला म्हणत्यात, पर पैसा कुणाचा गेला?"

माउली, तुमचाच! रिझर्व्ह बँकेने नियमभंगाबद्दल सहकारी बँकेस केलेला दंड बँकेच्याच, म्हणजे सभासदांच्या पैशांतून जातो. शेजारी कराड जनता सहकारी बँकेचा तर ७ डिसेंबर २०२० रोजी परवानाच गेला; ठेवीला विम्याचा आधार ५ लाखांपर्यंतच.

कोणी संचालक म्हणेल, 'गरजू पाहिला, कागद न बघता कर्ज दिले. दयाच ना ती?' तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे सारेच सांगतात. पण आधी कान्होबांचा अर्धा वाटा निराळा काढून दिला, हे कीर्तनांत आम्हीही घाईने सांगून जातो. बुडविले ते आपल्या वाट्याचे. शास्त्र ठेवीस निक्षेप म्हणते. तीवर दया करणारे आपण कोण?

माउलीस म्हटले, वार्षिक सभेस जा, अन् दंड कशापायी ते उभ्याने विचारा.