गल्ल्यामागची वही

फलटणमध्ये बेबीताई कांबळे यांचं छोटंसं दुकान होतं. आधी नवराबायकोने सुटी द्राक्षं विकली, मग भाजी, पुढे किराणा. माल बांधायला रद्दी यायची. तो कागद पुडीला लावण्याआधी त्या वाचून काढत. कुठल्या तरी बातमीचा अर्धाच तुकडा हाती येत असेल. तेवढाही त्यांनी वाया घालवला नाही.

याच दुकानात बसून त्या लिहू लागल्या. गिऱ्हाईक नसेल तेवढ्या वेळात. घरात कुणाला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. नवऱ्यापासूनही, मुलापासूनही. असं सुमारे २० वर्षं चाललं.

मला राहून राहून त्या अर्ध्या राहिलेल्या ओळींचं वाटतं. चालू वाक्यात कुणी साखर मागायला आलं असेल. उठायचं, तोलायचं, सुटे पैसे मोजायचे आणि पुन्हा येऊन तेच दुःख तिथून पुढे लिहायचं. हे बळ कुठून येतं?

लिहिलं काय? वीरगावचा महारवाडा. आषाढातला आनंद. पहाटे अंधारात दळायला उठवलेली कोवळी सून. तिच्या बिघडलेल्या भाकरी शेजारणींना बोलावून दाखवणारी सासू. इतिहासात यांतल्या कुणाचं नाव नाही. पण ती भाकरी वाचताना समोर दिसते. एवढं बारीक बेबीताईंनाच दिसलं, कारण त्या याच बायकांमधल्या होत्या.

पुढे फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली आणि वह्या बाहेर आल्या. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात लेखन छापून आलं. १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं.

या पुस्तकात एक गोष्ट फारशी नाही. बेबीताईंनी स्वतः सोसलेला नवऱ्याचा संशय, त्याचा मार. समाजाचं दुःख तेच आपलं, असं त्या मानत आणि म्हणून त्यांनी स्वतःचं मागे ठेवलं. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. त्यासाठी घेतलेल्या मुलाखतीत बेबीताईंना हे विचारलं गेलं. तेव्हा त्या मोकळेपणाने बोलल्या. विचारणारं कुणी समोर बसलं होतं.