बिननावाची भुते

मॅक्स ब्रुक्सची ‘वर्ल्ड वॉर झी’ ही २००६ सालची कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. प्रेते उठतात, चावतात. चावलेला त्यांच्यातलाच एक होतो. वाचकहो, भुतांचे मला नवल नाही. आमचा पिंपळावरचा मुंजाही मेलेलाच. पण त्याला घराणे असते, राहून गेलेली इच्छा असते, म्हणून त्याची समजूतही घालता येते. ब्रुक्सच्या प्रेतांना नावच नाही. त्यांना मारताना पाप लागत नाही, ही मोठीच सोय!

पण त्यात एक योजना आहे. निवडक लोकांना सुरक्षित प्रदेशात न्यावयाचे, आणि बाकीची जिवंत माणसे आमिष म्हणून मागे ठेवावयाची. प्रेते त्यांच्यात गुंतून राहतील. तेथे मी पुस्तक मिटले.

२०२० च्या टाळेबंदीत हैदराबादकडून नागपूरकडे निघालेले मजूर आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या जामवरून पायी गेले. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. त्यांनाही ‘लोंढा’ म्हटले गेले. लोंढा पाण्याचा असतो. पाण्याला तहान लागेल, हे कोणाच्या मनात येणार? ज्यांनी दारे लावली त्यांना दुष्ट म्हणवत नाही. घरात म्हातारी माणसे होती. पण ज्यांनी भाकरी दिली, त्यांनी ती देण्याआधी दुरूनच विचारले होते, “कोन्या गावचे गा तुम्ही?”