कर्त्याचे नाव : ड्रोनची दूरस्थ ओळख आणि संकल्पाचा विचार

कर्म कर्त्यापासून किती दूर गेले तरी ते त्याचेच राहते आणि त्या कर्माचे दायित्व कोणत्या खुणेने त्याच्याशी जोडलेले असते, हा भारतीय नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. छंद म्हणून ड्रोन उडवणाऱ्यांच्या ओळखीविषयी जे नियम गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी झाले, त्यांमुळे तो नव्याने उभा राहिला आहे. 1934 च्या विमान अधिनियमाने ‘विमान’ या संज्ञेत फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगाचाही समावेश केला होता, परंतु पतंग उडवणाऱ्याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण मांजाचा माग काढत गेले की फिरकी धरणारा हात सापडतोच. ड्रोनच्या बाबतीत हा मांजाच उरत नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणीच्या किनाऱ्यावर एखादे यंत्र डोक्यावर घोंघावत असेल, तर ते सुरूच्या बनाआडून कोणी चालवत आहे की दूरच्या इमारतीच्या गच्चीवरून, हे खालून पाहणाऱ्याला कळत नाही. कृती समोर घडत असते आणि कर्ता मात्र अदृश्य असतो.

हा तुटलेला दोर कायद्याने पुन्हा जोडण्याच्या व्यवस्थेला ‘रिमोट आयडी’, म्हणजे दूरस्थ ओळख, असे म्हणतात. उड्डाण चालू असताना ड्रोनने आपला ओळखक्रमांक, अक्षांश-रेखांश, उंची, वेग आणि वेळ, तसेच चालकाच्या नियंत्रकाचे स्थान, रेडिओ संदेशाद्वारे सतत प्रक्षेपित करत राहणे, असे तिचे स्वरूप असते. अमेरिकेत हा नियम 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्च 2024 पासून त्याची प्रत्यक्ष सक्ती सुरू झाली. भारतात 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागणी केली, प्रत्येक ड्रोनसाठी ‘डिजिटल स्काय’ या शासकीय मंचावर विशिष्ट ओळखक्रमांक घेण्याचे सर्वसाधारण बंधन घातले, आणि उड्डाणाचे स्थान तत्क्षणी कळवणारा संकेतक भविष्यात सक्तीचा करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे राखून ठेवला. 250 ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ आणि दोन किलोपर्यंतचा, व्यवसायासाठी न वापरला जाणारा ‘मायक्रो’ ड्रोन उडवण्यास चालक-प्रमाणपत्र लागत नाही, ही छांदिष्टांना दिलेली मोकळीक उचितच आहे.

स्वतःची ओळख सांगून मगच कृती करण्याची रीत मराठी घरांना अपरिचित नाही. कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो, म्हणजे हातात पाणी घेऊन संवत्सर, अयन, ऋतू, मास आणि तिथी यांचा, आपण जेथे बसलो आहोत त्या देशाचा, आपल्या गोत्राचा आणि नावाचा, आणि शेवटी ज्या हेतूने हे कर्म करावयाचे त्या हेतूचा स्पष्ट उच्चार करतो. या विधीमागील विचार असा दिसतो की काळ, स्थळ आणि कर्ता यांच्याशी बांधले गेल्याखेरीज कर्म पूर्णत्वाने कोणाचे होत नाही, आणि जे कोणाचेच नाही त्याचे फळही कोणी स्वीकारत नाही. दूरस्थ ओळखीचा संदेश या मांडणीच्या विलक्षण जवळ जातो, कारण त्यातही काळ आहे, स्थळ आहे आणि कर्त्यापर्यंत नेणारा क्रमांक आहे. नाही तो केवळ हेतू. ड्रोन कोठे आहे हे यंत्र सांगते. तो तेथे का आहे, समुद्राचे चित्रण करण्यासाठी की कोणाच्या अंगणात डोकावण्यासाठी, हे मात्र सांगू शकत नाही, आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच असते. शिवाय संकल्प स्वेच्छेने आणि देवतेसमोर सोडला जातो, तर हा संदेश सक्तीने आणि अनोळखी श्रोत्यांसाठी पाठवला जातो. म्हणून दूरस्थ ओळखीचे समर्थन करताना केवळ बोलणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार पुरत नाही, ऐकणारा कोण आहे याचाही विचार करावा लागतो.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला विशेष धार येते. तारापूर येथे 1969 मध्ये देशातील पहिले अणुवीजकेंद्र कार्यरत झाले, त्याच्या शेजारी 2005 आणि 2006 मध्ये प्रत्येकी 540 मेगावॉटचे आणखी दोन संच सुरू झाले, आणि जवळच बोईसरची रसायन-कारखान्यांनी भरलेली औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी निनावी यंत्र आकाशात दिसले, तर सुरक्षारक्षकाला ते घातक आहे असेच गृहीत धरावे लागते, कारण चूक झाल्यास तिची किंमत संपूर्ण परिसर मोजणार असतो. मात्र याच केंद्राच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जमीन सोडावी लागली, हेही येथे आठवले पाहिजे. ज्यांनी सार्वजनिक सुरक्षेच्या नावाने घरदार सोडले, त्यांच्या डोक्यावरील आकाशाचे नियम ठरवताना त्यांना केवळ संशयित किंवा केवळ प्रेक्षक मानणे अन्यायाचे होईल.

भारतीय परंपरेत निनावीपणाला प्रतिष्ठा आहे, हा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. गुप्तदान श्रेष्ठ मानले गेले, आणि वारली चित्रकलेत तर पिढ्यान्‌पिढ्या चित्रांखाली नाव लिहिण्याची रीतच नव्हती. (तारपा नृत्याचे ते प्रसिद्ध वर्तुळाकार चित्र जणू आकाशातून पाहिल्यासारखे आहे, पण ते पाहणारी दृष्टी त्या नाचातलीच आहे, हा ड्रोनच्या दृष्टीहून असलेला मोठा भेद होय.) परंतु गुप्तदानात दाता स्वतःचे श्रेय सोडतो, निनावी ड्रोनचा चालक सोडतो ते दायित्व. दुसऱ्याला पाहायचे आणि स्वतः दिसायचे नाही, या असमानतेतून भय निर्माण होते. 2024 च्या जून-जुलैत बीड, जालना आदी मराठवाड्यातील भागांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा लोकांची झोप उडवणारी गोष्ट यंत्राहूनही ते कोणाचे हे न कळणे ही होती.

तरीही ऐकणाऱ्याचा प्रश्न उरतोच. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे : एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. या दुसऱ्याला वेदान्ताने साक्षी म्हटले, आणि त्याचे साक्षित्व त्याच्या सर्वज्ञतेपेक्षाही त्याच्या निरिच्छतेवर अवलंबून आहे. पाहिलेल्यातून तो स्वतःसाठी काही घेत नाही. राज्यसंस्था किंवा एखादी कंपनी असा साक्षी नसते. तिला माहिती साठवता येते, जुळवता येते, नको त्या माणसाविरुद्ध वापरता येते, आणि म्हणून तिच्यापुरती ही निरिच्छता कायद्याने घडवावी लागते. अमेरिकेत एका चालकाने हा नियम खासगीपणाचा भंग करतो असा दावा केला, तो तेथील अपील न्यायालयाने जुलै 2022 मध्ये फेटाळला. उघड्या आकाशात यंत्र उडवणाऱ्याने आपले स्थान गुप्त राहील अशी अपेक्षा करू नये, हा त्या निकालाचा रोख पटण्यासारखा आहे. पण भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला असल्याने, प्रत्येक बंधनाला कायद्याचा आधार, योग्य उद्देश आणि त्या उद्देशाच्या प्रमाणातच असलेली व्याप्ती, अशा तिहेरी कसोटीवर उतरावे लागते.

त्या कसोटीनुसार पाहता, संकेत सर्वांत आधी ज्याच्या डोक्यावर यंत्र आहे त्याला वाचता आला पाहिजे. सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बाईला आपल्या साध्या फोनवर यंत्राचा क्रमांक दिसावा, मालकाचे नाव मात्र रीतसर तक्रारीनंतर पोलिसांपुढेच उघडावे, आणि तक्रार नसलेल्या उड्डाणांची नोंद ठरावीक मुदतीनंतर पुसली जावी. छांदिष्ट चालकालाही यात संरक्षण आहे, कारण त्याचा ठावठिकाणा कायमच्या नोंदीत साचत नाही. ड्रोन नियमांनुसार असा संकेतक अधिसूचना काढून सक्तीचा केल्यास त्याच्या पूर्ततेसाठी किमान सहा महिने द्यावे लागतात. पण कोणी काय ऐकावे आणि किती काळ लक्षात ठेवावे, हे त्या अधिसूचनेच्या मसुद्यातच, किनाऱ्यावरच्या गावांना विचारून, लिहिले गेले पाहिजे.