बेटावरची सुट्टी आणि न फिटणारे ऋण

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची पावले अशा वेळी पैठणच्या नाथसागराकडे वळतात. साधारण दोन तासांचा रस्ता, समोर गोड्या पाण्याचा अफाट विस्तार आणि त्यात डोके वर काढून बसलेली बेटे. ज्या मुलांनी उन्हाळाभर दारात टँकरची वाट पाहिली, त्यांना हे दृश्य स्वर्गीय वाटावे यात नवल नाही. अशा निर्मळ आनंदात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कुणी विचारील. आम्हांस वाटते, तो त्या बेटाच्या मातीतच आहे.

विश्रांती हे पाप नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. सृष्टी निर्माण केल्यावर परमेश्वराने सातवा दिवस विसाव्यासाठी राखला. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रेषित कामावरून परतले, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना होडीत बसवून निवांत स्थळी नेले. ते गालीलचे सरोवर नावाने समुद्र असले तरी पाण्याने गोडेच. वर्षभर राबणारे आईवडील दोन दिवस मुलांसोबत हसतात, डबा वाटून खातात, तेव्हा त्या कुटुंबाला देवाचा आशीर्वादच लाभत असतो.

परंतु नाथसागरातील बेट म्हणजे काय? भूगोलाच्या पुस्तकातील व्याख्या येथे पुरत नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या धरणाने गोदावरी अडली आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. त्याखाली गोदाकाठची काळी कसदार जमीन गेली. घरे, विहिरी, पार आणि देवळे गेली. शिवारातील जे उंचवटे बुडाले नाहीत, ती आजची बेटे. जलाशयात अशी तीसेक बेटे आहेत. उन्हाळ्यात पाणी हटते तसे बेट वाढते आणि काठचे लोक उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. आपली मुले ज्या मातीवर धावतात, ती कुणाच्या तरी शेताची माती आहे.

हे पाणी आपल्यालाच मिळाले आहे. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून जातो. तेथील ऊस आणि मोसंबीच्या बागा त्याच्या साक्षी आहेत. जालना शहराच्या नळालाही याच जलाशयाचे पाणी येते. म्हणजे नाथसागराच्या काठी आपण केवळ पाहुणे म्हणून जात नाही, लाभार्थी म्हणून जातो.

येथे दोन सोपी उत्तरे संभवतात. पहिले असे की, धरण सरकारने बांधले, जमीन सरकारने घेतली, आमचा संबंध काय? दुसरे असे की, ज्या जागी इतरांचे संसार बुडाले तेथे मौज करणे अधर्म आहे. आम्हांस दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. पित्याच्या पापाचा भार पुत्राने वाहायचा नसतो, असे यहेज्केल संदेष्ट्याने निक्षून सांगितले आहे. शिवाय १९७२च्या दुष्काळात होरपळलेल्या मराठवाड्याची तहान खोटी नव्हती. तेव्हा अपराध आपला नाही. परंतु अपराध आणि ऋण या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपराध वारशाने येत नाही, ऋण येते. वडिलांचे घर घेतले की घरावरचे कर्जही घ्यावे लागते. शोमरोनी स्त्रीशी याकोबाच्या विहिरीवर संभाषण झाल्यानंतर प्रभूने शिष्यांना हीच जाणीव दिली, की तुम्ही दुसऱ्यांच्या श्रमाचे फळ घेत आहात.

हे केवळ धर्मगुरूंचे बोलणे नव्हे. ज्या १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा विस्थापितांसाठी द्यावा, असे तत्त्व त्यात होते. ज्याला पाणी मिळाले तो, ज्याची जमीन गेली त्याचे देणे लागतो, हे कायद्यानेही मान्य केले. मात्र गावे उठण्यास त्याआधीच आरंभ झाला होता, आणि जमिनीचा मोबदला मिळाला तरी शेजार, बाजाराची वाट आणि पूर्वजांच्या थडग्यांची जागा यांचा मोबदला कोणत्या तक्त्यात बसतो? असे ऋण पैशाने फिटत नाही.

काही पालक म्हणतील, मुलांना हे सांगून त्यांची सुट्टी का नासवावी? परंतु आजोबांच्या कष्टांची कथा ऐकून मुलांना घर नकोसे होत नाही, उलट अधिक प्रिय होते. बेटावर डबा उघडण्यापूर्वी प्रार्थना करताना, ज्यांची ही शेते होती त्यांचे स्मरण करावे. होडी वल्हवणारा मासेमार कदाचित त्यांच्यापैकीच कुणाचा नातू असेल. त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नये. हा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. टिटवीसारखे पक्षी उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालतात, म्हणून पाऊल जपून टाकावे आणि प्लॅस्टिक परत आणावे. घरी नळ उघडताना त्या पाण्याची किंमत आठवावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. त्या हक्कासाठी कुणीतरी आपले गाव दिले होते, हे आपण विसरू नये.

खरी कसोटी तर पुढेच आहे. उद्या आपल्या रस्त्यासाठी, आपल्या विजेसाठी, आपल्या पाण्यासाठी आणखी एखादे गाव उठवले जाईल, तेव्हा त्या गावकऱ्यांना आपण अडथळा म्हणू की उपकारकर्ते?

प्रभू विश्रांतीसाठी त्या निवांत स्थळी पोहोचला, तर लोकांचा समुदाय आधीच तेथे आला होता. तो रागावला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून त्याला कळवळा आला; त्याने त्यांना शिकवले आणि जेवूही घातले. विसावा आणि करुणा यांपैकी एकच निवडावे, असे त्याने शिष्यांना कधी सांगितले नाही.