नववीच्या उंबरठ्यावर

सुरत महापालिकेच्या सुमन हायस्कूलमध्ये नववीला आलेल्या मुलांचे आणि पालकांचे स्वागत होते, तेव्हा त्यामागे एक जुना धार्मिक प्रश्न उभा असतो: ज्ञानाच्या दारातून आत कोणी यावे, आणि कोणत्या अटीवर? जुन्या परंपरेत हे दार म्हणजे उपनयन, गुरूजवळ नेणे. छांदोग्य उपनिषदात गौतम ऋषी सत्यकामाला गोत्र विचारतात. ते ठाऊक नाही, हे आई जबालेचे खरे शब्द तो जसेच्या तसे सांगतो आणि स्वीकारला जातो. ही कथा उदारतेची म्हणून सांगतात. मला ती अर्धीच उदार वाटते. इतके खरे बोलणारा ब्राह्मणच असणार, असे ठरवून गुरूने दार उघडले, अट काढली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती आठवीपर्यंत काढली: प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावता येत नाही.

कुणी म्हणेल, अटच नसेल तर साधना कसली? पण सत्यकामाची साधना प्रवेशानंतरच सुरू झाली. चारशे कृश गाई घेऊन तो रानात गेला आणि त्या हजार झाल्यावरच परतला. दुसरा आक्षेप जड आहे. हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, आणि सुरतच्या लिंबायत-उधन्यात यंत्रमागाच्या मजुरीसाठी खानदेशातून आलेल्या घरांना त्याच वयात मुलाची कमाई खुणावते. म्हणून नववीला पालकांना आत बोलावणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. जबालेने एकटीने मुलाला गुरूकडे जाऊ दिले. इथले आईबापही तोच निर्णय घेतात, कायद्याची सक्ती संपल्यावर.