उत्तमर्ण आणि अधमर्ण

संस्कृत भाषेत ऋण देणाऱ्यास उत्तमर्ण व घेणाऱ्यास अधमर्ण म्हणतात. एकाच व्यवहाराने एक वर चढतो व दुसरा खाली उतरतो, हा लोकानुभव या दोन शब्दांत साठविलेला आहे. धर्मशास्त्राने व्याजास मर्यादा घातली. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुपटीचा नियम प्रसिद्धच आहे. परंतु त्याने जाच कमी झाला, उच्चनीचता गेली नाही. ऋण घेऊनही मनुष्याचे स्वातंत्र्य अबाधित राहील काय, हा खरा प्रश्न होय.

जबलपूर नगरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. विडी वळणारी स्त्री सट्टेदाराकडून पाने व तंबाखू घेते, घरी बसून विड्या वळते, आणि त्यांतील किती 'छाट' म्हणून टाकावयाच्या हेही तोच ठरवितो. श्रम तिचे, सत्ता भांडवलाची. त्याच नगरात कॉफी कामगारांच्या सहकारी संस्थेचे मुख्य कार्यालय आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून ठिकठिकाणी संस्था स्थापून ती स्वतः चालविण्यास घेतली. तेथे पेला पुढे ठेवणारा हात मालकाचाही असतो.

मग विडी वळणारीस हे का साधू नये? कौशल्य तिच्यापाशी आहे; भांडवल नाही. आणि ते सावकाराकडून आले तर त्याच्यामागून त्याची सत्ताही येते. यावर उपाय असा की, श्रम करणाऱ्यांनीच उत्तमर्ण व्हावे. अहमदाबादेस १९७४ साली चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये घालून सेवा बँक स्थापिली. स्पेनमधील मोन्द्रागोन येथे १९५९ साली एका पाद्रीच्या प्रेरणेने अशीच पेढी निघाली. सामान्य गृहस्थांच्या ठेवींतून ती कामगारांच्याच मालकीच्या कारखान्यांना भांडवल पुरवू लागली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्र याहून निराळे नाही. जे मिळाले ते चक्रात परत घालावयाचे, म्हणजे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. अशा ठिकाणी हप्ता फेडणे हा दंड नव्हे. ती आहुती होय.

कोणी म्हणेल, ऋणको आपलाच असेल तर त्यास नकार कोण देणार? ही शंका खोटी नाही. स्वजन समोर दिसताच अर्जुनाचेही धनुष्य गळाले. मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे बहुतांश कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि असंख्य ठेवीदारांस स्वतःचेच पैसे काढता येईनात. नावात सहकार होता. सभासदांची देखरेख उरली नव्हती. एकावर केलेली मेहेरनजर ही दुसऱ्या कोणाच्या तरी ठेवीतून दिलेली असते, म्हणून तिला दया म्हणता येत नाही.

दानाविषयी गीता देश, काळ व पात्र पाहावयास सांगते. सामुदायिक ऋणासही तोच विवेक हवा, आणि तो व्यवस्थापकावर सोपवून मोकळे होता येत नाही. ज्या गृहस्थाची ठेव सहकारी पेढीत आहे, त्याने वार्षिक सभेस जावे, हिशेब वाचावा, कर्ज कोणास दिले ते विचारावे. ठेव ठेवून जो निजला, त्याच्या पैशाने कोणाचे पोट भरेल की कोणाची मान अडकेल, हे त्यास कळणारही नाही. जागा राहणाऱ्या सभासदांच्या पेढीतच उत्तमर्ण व अधमर्ण हे दोन शब्द एकाच मनुष्यास लागू पडतात, आणि तेव्हाच त्यांतील उच्चनीचता नाहीशी होते.