गाठीतला गुलाबी रंग

कडधान्यं ओढगस्तीत वाढलेली पिकं. सेलूच्या काळ्या रानात पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली तरी तूर मुळं खोल घालून उभी राहते. हरभरा तर बहुतेक मागे राहिलेल्या ओलीवरच येतो. या पिकांना पाणी तुटल्याचं फारसं भय नाही. पाणी साचलं की मात्र त्यांची दैना होते.

तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर धरण झालं. शेजारी पाथरी-मानवताकडे जायकवाडीचा डावा कालवा त्याआधीच आला होता. कालवे हवेच होते. पण त्यांच्यासोबत निचऱ्याचा विचार तेवढ्या निगुतीनं झाला नाही. चिकणमातीतून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो. भूजल वर आलं की ऊन ते वर ओढतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि सरीच्या माथ्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. त्यात सोडियम वाढला की जमीन चोपण होते: ओली असताना लोण्यासारखी, वाळली की कुदळीला दाद न देणारी. विद्युत वाहकता मीटरला 4 डेसीसायमनच्या वर गेली की शास्त्र जमिनीला खारवट म्हणतं. मुगाचं रडगाणं त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं.

निरोगी तुरीचं रोप हलक्या हातानं उपटून मुळावरची गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं द्रव्य ते. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1888 साली दाखवलं. मूळ आधी रासायनिक सांगावा धाडतं, जिवाणू त्याला उत्तर देतो, मूळरोम वाकतो, मग आत वाट मिळते. खारात हा संवादच अडखळतो. गाठी थोड्या धरतात आणि धरल्या तरी पुष्कळदा आतून फिक्या निघतात. मला यातलं एक फार विचार करायला लावतं. एकटा जिवाणू पिकाहून किती तरी अधिक मीठ सोसतो. नत्र खतातून मिळालं तर पीकही थोडं जास्त तग धरतं. आधी कोलमडतं ते दोघांनी मिळून करायचं काम.

वाण निवडताना आपण बहुधा एकट्या झाडाकडे पाहतो. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं 'बीएसएमआर 736' सारखे तुरीचे वाण दिले. मर आणि वांझ रोगाला ते पुरून उरले, हे थोडं काम नव्हे. कर्नालच्या केंद्रीय संस्थेनं खाऱ्या जमिनीसाठी 'कर्नाल चना-1' काढला. हरभरा तसा मोठा आम्लबाज. पहाटे त्यावरून पांढरं फडकं फिरवून आंब पिळून घेतात, ती मॅलिक-ऑक्झॅलिक आम्लांची. चुनखडीनं अडवून ठेवलेला स्फुरदसुद्धा तो मुळांतल्या आम्लानं मोकळा करून घेतो. एवढा खटपट्या गडी, पण मिठापुढे त्याची मात्रा चालत नाही.

शेंगवर्गातलाच धैंचा मात्र चोपणातही वाढतो, पाण्यात पाय बुडवून उभा राहतो. दीड महिन्यानं, फुलावर येताना, त्याला जमिनीत गाडतात. सोबत जिप्सम टाकतात. तरी सुटलेलं मीठ धुऊन वाहून जायला चर लागतोच, आणि तो आपल्या बांधापाशी थांबवून भागत नाही. खालच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यायचा तर भावकीची संमती हवी. जिप्सम दुकानात मिळतं.